जमिनीपासून १८ इंच

कॅलिफोर्नियातल्या एखाद्या मराठी घराचं गराज उघडलं की सायकली, कॉस्टकोतून आणलेले कागदी रुमालांचे गठ्ठे आणि भारतवारीच्या रिकाम्या बॅगा यांच्यामागे, कोपऱ्यात, पाणी तापवायची उंच टाकी दिसते. ती जमिनीवर नसते, गुडघाभर उंचीच्या लाकडी चौथऱ्यावर असते. मुलाकडे पहिल्यांदाच आलेले आईवडील हमखास विचारतात, एवढी जड टाकी वर कशाला चढवली आहे? खालून गंजू नये म्हणून, असं काहीतरी उत्तर त्यांना मिळतं. खरं कारण वेगळं आहे. टाकी वर चढवली आहे ती शेजारी उभ्या असलेल्या गाडीतल्या पेट्रोलमुळे.

टाकीच्या बुडाशी गॅसचा बर्नर असतो. जुन्या धाटणीच्या हीटरमध्ये त्याच्याजवळ पायलटची बारीक ज्योत दिवसरात्र तेवत असते. जळायला लागणारी हवा हा बर्नर खालून ओढून घेतो. आता पेट्रोलचा स्वभाव पाहा. उणे ४० अंश सेल्सिअसलासुद्धा ते पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे हिवाळा आहे म्हणून निर्धास्त राहावं अशी सोय नाही. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड. गवत कापायच्या यंत्रात पेट्रोल भरताना सांडलं, डबा कलंडला, गाडीची नळी पाझरली, तर ती वर जाऊन विरत नाही. फरशीवर ओतलेलं पाणी मोरीकडे वाहत जावं तशी ती जमिनीलगत पसरत जाते. वाटेत बर्नर आला तर तो तिला हवेबरोबर आत ओढून घेतो.

म्हणून अमेरिकेच्या नॅशनल फ्युएल गॅस कोडमध्ये, ज्याला एनएफपीए ५४ असंही म्हणतात, नियम आहे की गराजमधल्या गॅस उपकरणाचा बर्नर आणि तो पेटवणारी यंत्रणा जमिनीपासून किमान १८ इंच उंच असावी. इंटरनॅशनल फ्युएल गॅस कोडही हेच सांगतो. माप टाकीच्या बुडापर्यंतचं नाही, ज्योतीपर्यंतचं आहे. बर्नर टाकीच्या बुडापासून थोडा वर असतो, त्यामुळे हिशोबाने चौथरा १८ इंचांपेक्षा कमी चालतो. पण तपासनीसाशी हुज्जत नको म्हणून बरेच प्लंबर सरळ १८ इंचांचाच चौथरा बसवतात. पळवाट शोधणाऱ्यांसाठी आणखी एक कलम आहे. गराजमध्येच फळ्या ठोकून, दार लावून कपाटासारखी खोली केली आणि हीटर आत ठेवला, तरी ती खोली गराजचाच भाग धरली जाते. वाफ दाराच्या फटीखालून जाते.

हा १८ चा आकडा कितपत पुरेसा आहे, हे ढोबळ गणिताने पाहता येतं. हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण साधारण १.४ टक्के झालं की मिश्रण पेटू शकतं, आणि ७.६ टक्क्यांच्या वर गेलं की हवा कमी पडून पेटत नाही. एक लीटर पेट्रोल पूर्ण उडून गेलं तर त्याची सुमारे १८० लीटर निव्वळ वाफ होते. ती हवेत १.४ टक्क्यांपर्यंत मिसळली तर पेटू शकणारं मिश्रण तयार होतं सुमारे १३ घनमीटर. दोन गाड्यांचं गराज साधारण २० फूट बाय २० फुटांचं. त्याच्या जमिनीवर १८ इंच जाडीचा थर धरला तर तो भरतो सुमारे १७ घनमीटर. म्हणजे एक लीटर पेट्रोल पूर्ण उडालं आणि सारखं पसरलं, तर ते १८ इंचांच्या रेषेच्या जवळ पोहोचतं. प्रत्यक्षात सगळं पेट्रोल लगेच उडत नाही, आधी त्यातला हलका भाग उडतो. उलट बाजूने, वाफही शहाण्यासारखी सपाट थरात बसून राहत नाही. कुणी चालत गेलं, पंखा लावला, दार वर केलं की ती ढवळली जाते आणि वर चढते. तेव्हा चौथरा पेलाभर सांडलेल्या पेट्रोलचा बंदोबस्त करतो. पाच गॅलनचा डबा लवंडला तर त्याचं काही चालत नाही. हा डबा घराबाहेरच्या वेगळ्या शेडमध्ये ठेवावा आणि यंत्रात पेट्रोल अंगणात भरावं, हा उपाय चौथऱ्याहून स्वस्त आणि भरवशाचा. इलेक्ट्रिक गाडी घेतली म्हणून गराजमधलं पेट्रोल गेलं असं समजणाऱ्यांनी यंत्राशेजारचा तो लाल डबा एकदा पाहून घ्यावा. रंगाचा थिनरही त्याच जातीचा.

चौथऱ्यावर सगळा भार टाकता येत नाही हे हीटर बनवणाऱ्यांनाही मान्य करावं लागलं. जुलै २००३ पासून अमेरिकेत घरगुती वापराचे नेहमीचे, म्हणजे ३० ते ५० गॅलनचे, गॅस हीटर एका नव्या मानकाप्रमाणे बनू लागले. त्यात ज्योतीची खोली बंदिस्त असते आणि हवा खालच्या एका जाळीदार पत्र्यातून आत येते. पेट्रोलची वाफ आत शिरलीच तर ती आतल्या आत जळते. जाळीच्या बारीक भोकांतून जाताना ज्वाळेची उष्णता धातू शोषून घेतो आणि ज्वाळा बाहेर येऊ शकत नाही. मग उष्णतेने चालणारं एक बटण गॅस तोडतं. तत्त्व नवं नाही. हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये कोळशाच्या खाणीतल्या कामगारांसाठी जो दिवा केला त्याच्या ज्योतीभोवती अशीच तारेची जाळी होती. अशा हीटरला कोड १८ इंचांतून सूट देतो, पण काही गावांचे तपासनीस चौथरा तरीही मागतात. आणि जाळीला साफसफाई लागते. गराजमध्येच कपडे वाळवायचं यंत्र असेल तर त्याचा सुतासारखा कचरा उडून नेमका तिच्यावर बसतो, हवा अडते आणि हीटर सारखा बंद पडू लागतो. मग कुणीतरी युट्यूब पाहून ती जाळीच मोकळी करायचा विचार करतं. तो विचार सोडून द्यावा.

गराजमध्ये गाडी शिरते, हा दुसरा उघड धोका. उपकरण गाडीच्या वाटेत असेल तर त्याच्यापुढे आडोसा हवा. बहुधा काँक्रीट भरलेला लोखंडी खांब जमिनीत रोवतात. जमिनीवर ठोकलेला चाकं अडवणारा ठोकळाही काही ठिकाणी चालतो. आडोसा नसेल तर खासगी गराजमध्ये उपकरण जमिनीपासून किमान ६ फूट उंच टांगावं, असं इंटरनॅशनल कोड म्हणतो. नव्याने गाडी शिकणारा मुलगा घरात असेल तर खांबाचा खर्च कुणी जास्त समजत नाही.

इथवरचं सगळं डोळ्यांना दिसतं. चौथरा दिसतो, खांब दिसतो, घर विकत घेताना तपासणीच्या अहवालात त्यांचे फोटो येतात. हवा दिसत नाही. गराजमधलं गॅसचं उपकरण सुरक्षित आहे की नाही हे त्या उपकरणापेक्षा खोलीतल्या हवेवर जास्त ठरतं, आणि खोली आपण बदलत राहतो. लोक चुकतात ते इथेच.

पाणी तापवायचा साधा गॅस हीटर ताशी ४०,००० बीटीयू उष्णता देतो, म्हणजे जवळपास १२ किलोवॉट. त्यासाठी तो ताशी सुमारे ४० घनफूट नैसर्गिक वायू जाळतो, आणि तेवढा वायू जाळायला ४०० घनफूट हवा लागते. शिवाय धुराड्यात मिसळायला लागणारी हवा वेगळी. ही हवा कुठून येते? कोडचा साधा नियम असा की ताशी दर १,००० बीटीयूमागे खोलीत ५० घनफूट जागा असावी. ४०,००० च्या हीटरला २,००० घनफूट. २० बाय २० चं, ८ फूट उंच छताचं गराज ३,२०० घनफूट भरतं, म्हणजे हीटर एकटा असेल तर भागतं. पण त्याच्या शेजारी घर गरम करणारी ८०,००० बीटीयूची भट्टी असेल, जी कॅलिफोर्निया आणि टेक्ससमधल्या घरांत पुष्कळदा असते, तर लागतात ६,००० घनफूट. म्हणजे बाहेरून हवा आणणारी दोन तोंडं हवीत, एक छताजवळ आणि एक जमिनीजवळ. थेट बाहेर उघडत असतील तर प्रत्येकाला दर ४,००० बीटीयूमागे एक चौरस इंच मोकळी जागा, म्हणजे आपल्या उदाहरणात ३० चौरस इंच. त्यावर लाकडी पट्ट्यांची जाळी बसवली तर कोड तिची मोकळी जागा एक चतुर्थांशच धरतो, त्यामुळे ३० चौरस इंचांसाठी १२० चौरस इंचांचं भोक पाडावं लागतं.

आता हे ५० घनफुटांचं गणित ज्यावर उभं आहे ते गृहीतक पाहा. खोलीत फटींमधून ताशी किमान ०.४ वेळा हवा बदलते, असं त्यात धरलेलं असतं. बिल्डरने सोडलेलं गराज खरोखरच तसं गळकं असतं. मग घरी नवी टूम निघते. वीजबिल कमी करायला गराजच्या दाराला रबरी पट्टी आणि आतून फोम लागतो, भिंतीतली ती भोकं उंदीर येतात म्हणून बुजवली जातात, खाली ट्रेडमिल येतं. कुणी अर्ध्या गराजची अभ्यासाची खोली करून घेतं. हीटर तोच, जागेवरून हललेला नाही, प्लंबरने काही चूक केलेली नाही. खोली मात्र दुसरी झाली आहे, आणि त्या खोलीला कुणी परवाना दिलेला नाही.

हवा कमी पडली की ज्योतीचा निळा रंग जाऊन ती पिवळी, लांबट, डोलणारी होते. पुरेशी हवा असताना नैसर्गिक वायू जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. अपुरी असेल तर कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. पुण्या-मुंबईकडच्या बाथरूममधल्या गॅस गीझरचे मृत्यू बहुतेक याच कारणाने होतात, आणि दर हिवाळ्यात त्यांच्या बातम्या आपण वाचतो. बंद खिडकी, लहान खोली, भिंतीवरचा बर्नर, तासभर गरम पाणी. लोक म्हणतात ‘गॅस लीक झाला’, पण गॅस गळलेला नसतो, तो व्यवस्थित जळत असतो. फक्त त्याला हवा मिळालेली नसते. आपल्याकडचा सिलिंडरचा गॅस हवेहून जड असतो आणि गळलाच तर जमिनीवर साठतो. अमेरिकेतल्या नळाचा नैसर्गिक वायू हलका असतो आणि वर जातो. कार्बन मोनॉक्साइड मात्र हवेइतक्याच वजनाचा, तो सगळीकडे मिसळतो.

हवा पुरली तरी धूर बाहेर गेला पाहिजे. साध्या हीटरच्या डोक्यावर छत्रीसारखी एक उघडी टोपी असते, आणि तिथून नळी छतातून बाहेर जाते. धूर गरम असल्यामुळे आपोआप वर चढतो, त्याला ढकलणारं कुणी नाही. म्हणून नळीला सतत चढ लागतो, दर फुटाला किमान पाव इंच. मध्ये ती खाली झुकलेली दिसली तर काम बिघडलं आहे. एकेरी पत्र्याची नळी लाकडापासून ६ इंच दूर हवी, दुहेरी भिंतीच्या बी-व्हेंट नळीला एक इंच पुरतो.

धूर खरंच बाहेर जातो का, हे पाहायची चाचणी सोपी आहे आणि उदबत्तीने होते. आधी पेट्रोल आणि थिनरचे डबे बाहेर न्यावेत, गाडी काढावी, गराज थोडा वेळ उघडं ठेवून मग बंद करावं. घरातल्या खिडक्या बंद, स्वयंपाकघरातले आणि न्हाणीघरांतले हवा बाहेर फेकणारे पंखे सुरू, कपडे वाळवायचं यंत्र सुरू. गरम पाण्याचा नळ सोडून हीटर पेटू द्यावा. पाच मिनिटांनी उदबत्तीचा धूर त्या टोपीच्या कडेशी धरावा. धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर, आपल्या तोंडावर आला, तर घरातले पंखे धुराड्याशी ओढाताण करताहेत आणि जिंकताहेत. हीटर बंद करावा, दारं उघडावीत आणि माहीतगार माणसाला बोलवावं. मोठ्या आवाजाचा, मोठ्या दमाचा स्वयंपाकघराचा पंखा हा फोडणीच्या घरांत हौसेने बसवला जातो. तो बसवला त्या आठवड्यात ही चाचणी जरूर करावी.

भट्टी गराजमध्ये असली तर एक जास्तीचा धोका असतो. ती घरातली हवा परत ओढून घेते, तापवते आणि पुन्हा घरात सोडते. या ओढणाऱ्या नळीचा एखादा सांधा गराजमध्ये उसवला, तर सुरू केलेल्या गाडीचा धूर थेट शयनघरांत वाटला जातो. म्हणून घराच्या हवेच्या नळीला गराजमध्ये कुठलंही तोंड ठेवायला बंदी आहे. हिवाळ्यात जरा ऊब मिळावी म्हणून गराजमध्ये नळीला भोक पाडून जाळी लावणारे हौशी लोक आहेत, आणि ते याच नियमाला भोक पाडत असतात.

मिनेसोटा, मिशिगन, शिकागोकडे गोष्ट वेगळी. तिथे गराज स्वतःच तापवायचं असतं, गाडी सुरू व्हावी आणि बुटांवरचा बर्फ वितळावा म्हणून. छताला टांगायचे गॅस हीटर मिळतात. त्यांतले जे जळायची हवाही एका नळीने बाहेरून आणतात आणि धूरही दुसऱ्या नळीने बाहेर टाकतात ते गराजसाठी खरे योग्य. किंमत थोडी जास्त, पण खोलीतल्या हवेशी त्यांच्या ज्योतीचा संबंधच येत नाही. याच्या अगदी उलट टोकाला धुराडं नसलेले, सिलिंडरवर चालणारे तोफेसारखे फिरते हीटर. ते बांधकामाच्या उघड्या जागेसाठी असतात. बंद गराजमध्ये ते लावणं म्हणजे धूर, ओल आणि कार्बन मोनॉक्साइड तिन्ही आत ठेवून घेणं.

जोडणीची बाकी कामं प्लंबरची, तरी डोळ्याखालून घालावीत. गॅसची नळी हीटरमध्ये शिरण्याआधी एक बंद टोकाचा फाटा सरळ खाली गेलेला दिसतो. गॅसबरोबर आलेला कचरा त्यात पडतो. हाताशी येईल असा बंद करायचा कॉक हवा. सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावेत, काडी ओढून नव्हे. टाकीच्या वरच्या भागातून निघणारी दाबाच्या व्हॉल्वची नळी खाली जमिनीजवळ सुटलेली असावी आणि तिला बूच नसावं. हा व्हॉल्व १५० पीएसआय दाबाला किंवा ९९ अंश सेल्सिअसला उघडतो. तो ठिबकतो म्हणून बूच मारणं म्हणजे टाकीचा बॉम्ब करणं.

कॅलिफोर्नियात याशिवाय भूकंपाचे पट्टे. ५० गॅलनची भरलेली टाकी अडीचशे किलोच्या आसपास जाते, आणि चौथऱ्यावर चढवल्यामुळे तिचा तोल आणखी नाजूक झालेला असतो. हलली की गॅसची नळी तुटते. १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात तुटलेल्या गॅस जोडण्यांनी आगी लागल्या. राज्याच्या कायद्याने टाकी वरच्या आणि खालच्या तिसऱ्या भागात पट्ट्यांनी भिंतीच्या लाकडी खांबांना बांधलेली असावी लागते, आणि घर विकणाऱ्याला तसं लिहून द्यावं लागतं. पट्टा नुसत्या जिप्समच्या पत्र्याला स्क्रूने लावलेला असेल तर तो शोभेचा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात, शयनघरांच्या बाहेर लावायचा, गराजमध्ये नाही. तिथे गाडी सुरू केली की तो उगाच ओरडतो आणि आठवड्यात कुणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवतं. त्याच्याबद्दल एक गैरसमज आहे की वायू आला की तो लगेच वाजतो. यूएल २०३४ मानकाप्रमाणे ४०० पीपीएमला तो ४ ते १५ मिनिटांत वाजतो, १५० ला १० ते ५० मिनिटांत, आणि ७० पीपीएमला एक ते चार तासांत. त्याखालच्या पातळीवर त्याने वाजावंच अशी अपेक्षा नाही. घरात दोघातिघांची डोकी एकाच वेळी दुखू लागली आणि बाहेर फिरून आल्यावर बरं वाटलं, तर अलार्म गप्प असला तरी गराजकडे बघावं.

सॅन फ्रान्सिस्को बे एरियाच्या हवा नियंत्रण मंडळाने २०२३ मध्ये नियम मंजूर केला, त्यात घरगुती पाणी तापवण्याच्या गॅस हीटरची विक्री २०२७ पासून टप्प्याटप्प्याने थांबवायची तरतूद आहे. त्यामुळे त्या भागातली मराठी घरं आता हीट पंपाच्या टाक्यांची चौकशी करताहेत. हीट पंप गराजमधल्याच हवेतली उष्णता काढून पाण्यात घालतो. ज्योत नाही, धुराडं नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. भूकंपाचे पट्टे आणि गाडीपुढचा खांब तसेच लागतात. आणि बनवणारे सांगतात की टाकीभोवती सुमारे ७०० घनफूट मोकळी हवा हवी, नाहीतर ती स्वतःच गार केलेल्या हवेत गुदमरते आणि पाणी तापायला उशीर लागतो. तेव्हा गराजमध्ये अभ्यासाची खोली करायची असेल तर टेप घेऊन आधी तेवढी जागा मोजून घ्यावी लागेल.